नववीतला मुलगा, दुसरीतलं वाचन: आता काय करता येईल?

बोरीकाठ | ३ जुलै, रात्री ९:४०

अमळनेर तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये मी मराठी शिकवते. यंदा नववी माझ्याकडे आली. वर्गात एक मुलगा आहे. मी पाठ वाचून दाखवला की पहिला हात त्याचा वर. परवा पाण्यावरच्या उताऱ्यात शेततळ्याचा विषय निघाला, तर तळ्याला कागद का अंथरतात आणि पाझर तलावाला का नाही, हे त्याने सगळ्या वर्गाला समजावून सांगितलं. पण पुस्तक हातात दिलं की तोच मुलगा घामाघूम होतो. 'परिस्थिती'चं 'परीक्षा' वाचतो, 'निर्णय'चं 'नियम'. जोडाक्षर आलं की अडतो. ओळीच्या शेवटाशी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेला असतो.

घरी शेती, आईवडील दोघंही राबणारे. आई म्हणाली, पहिलीपासून असंच आहे, धाकटी बहीण मात्र धडाधड वाचते. त्याला बाजूला घेऊन विचारलं तर म्हणाला, "बाई, माले आयकाले आवडस, वाचाले नही."

स्टाफरूममध्ये दोन मतं आहेत. एक: आता वय गेलं, दहावीला सवलती मिळवून द्या आणि मोकळं करा. दुसरं: रोज दहा पानं लिहायला लावा, आपोआप येईल. मला दोन्ही पटत नाहीत. चौदाव्या वर्षी वाचायला शिकवता येतं का? येत असेल तर नेमकं काय करायचं? वर्गात ६२ मुलं आहेत, हेही लक्षात घ्या.

तापीकाठ | ३ जुलै, रात्री १०:०५

ताई, आधी डोळे आणि कान तपासून घ्या. आमच्या भाच्याला नुसता चष्मा लागला होता, दोन वर्षं सगळे त्याला ढ म्हणत होते.

निवृत्त_गुरुजी | ४ जुलै, सकाळी ६:१५

मी ३४ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. स्पष्ट बोलतो, राग मानू नये. हल्ली सरावच राहिला नाही. आमच्याकडे रोज एक पान शुद्धलेखन आणि पाढे झाल्याशिवाय मूल घरी जात नसे. शिकण्यातली अक्षमता वगैरे शब्द तेव्हा नव्हते आणि मुलं वाचत होती. त्याला रोज एक धडा पाहून लिहायला लावा. सहा महिन्यांत फरक दिसेल.

भुसावळ_जंक्शन | ४ जुलै, सकाळी ८:५०

गुरुजी, तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगतो, हे आम्ही करून बसलो आहोत. माझी मुलगी आता आठवीत आहे. चौथीत असताना चुकलेला प्रत्येक शब्द दहा वेळा लिहायचा असा नियम होता. रात्री अकरापर्यंत ती रडत लिहायची, शेजारी तिची आई बसलेली. दहा वेळा 'विद्यार्थी' लिहून झाल्यावर वही मिटवून विचारलं की पुन्हा 'विर्द्याथी'. पाहून लिहिताना ती वाचत नव्हती, चित्र काढत होती. हे कळायला आम्हाला तीन वर्षं लागली. ती तीन वर्षं मला अजून खुपतात.

आणि मुलं वाचत होती म्हणता, तर जी वाचत नव्हती ती शाळेत राहिलीच नाहीत ना? माझा सख्खा मोठा भाऊ पाचवीत शाळा सोडून गॅरेजवर लागला. इंजिन नुसतं ऐकून बिघाड सांगतो. गाडीच्या कागदावरचं नाव आजही वहिनी वाचून देते.

विशेष_शिक्षिका_धुळे | ४ जुलै, दुपारी २:३०

बोरीकाठ ताई, चौदाव्या वर्षी नक्की शिकवता येतं. लहान वयात सुरू केलं असतं तर सोपं गेलं असतं, एवढाच फरक. मी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांबरोबरच काम करते.

तुम्ही जे वर्णन केलंय त्यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे: ऐकून त्याला सगळं समजतं. १९८६ साली गफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी वाचनाची एक साधी मांडणी केली होती. अक्षरांवरून शब्द उलगडता येणं गुणिले भाषा समजणं, म्हणजे वाचून समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्याजवळ असली की दुसरी कितीही भक्कम असो, उत्तर शून्याजवळच राहतं. तुमच्या मुलाची दुसरी बाजू भक्कम दिसते. म्हणजे काम कुठे करायचं ते ठरलं. पण आधी खात्री करा. तीन गोष्टी, तीन वेगळ्या दिवशी, कोणी नसताना:

तिसरी-चौथीच्या पातळीचा उतारा एक मिनिट मोठ्याने वाचू द्या. बरोबर शब्द मोजा आणि चुका जशाच्या तशा लिहून ठेवा.

नववीचा एखादा न शिकवलेला उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि तोंडी पाच प्रश्न विचारा.

अर्थ नसलेले शब्द लिहून द्या: मकिपट, झुबारी, त्रोलीक, असे दहा-बारा. हे सगळ्यात बोलकं. नववीपर्यंत पोचलेली मुलं अंदाज बांधण्यात पटाईत झालेली असतात. पहिलं अक्षर आणि शब्दाची लांबी पाहून ओळखीचा शब्द ठोकून देतात. 'परिस्थिती'चं 'परीक्षा' तिथूनच येतं. अर्थच नसला की अंदाज चालत नाही आणि अक्षरं खरोखर किती वाचता येतात ते कळतं.

तापीकाठ यांचं म्हणणं बरोबर, डोळे-कान तपासाच. मात्र कोणी रंगीत काचांचा चष्मा गळ्यात मारत असेल तर पैसे घालवू नका. वाचनाची ही अडचण डोळ्यांत नसते, त्या काचांनी ती जात नाही.

सातपुडा | ४ जुलै, रात्री ८:२०

मी धडगाव भागात शिकवतो. मुलांची घरची बोली पावरी किंवा भिली, पुस्तक प्रमाण मराठीत. माझा अर्धा वर्ग अडखळत वाचतो. या सगळ्यांना अक्षमतेचा शिक्का मारला तर घोर अन्याय होईल. म्हणून कोणाबद्दल शंका आली की मी दोन गोष्टी बघतो. एक, त्याच पाड्यावरची, तीच बोली बोलणारी, माझ्याच हाताखाली शिकलेली बाकीची मुलं पुढे सरकली आणि हाच अडकला, असं आहे का? दुसरी, त्याच्या स्वतःच्या बोलीतले आवाज त्याला सुटे करता येतात का? शब्दाला टाळ्या वाजवून तुकडे पाडायचे, पहिला आवाज गाळून उरलेलं म्हणायचं, सगळं पावरीत. तिथेही अडला तर मला काळजी वाटते. तिथे सहज जमलं तर मी आधी मराठी बोलण्यावर भर देतो.

ताई, तुमच्या मुलाची बहीण त्याच घरात वाढून धडाधड वाचते, हा धागा सोडू नका.

बोरीकाठ | ५ जुलै, रात्री ९:१०

सातपुडा सर, तुमचं वाचून मी माझीच जुनी वही काढली. चुका म्हणून जे लिहून ठेवलं होतं त्यात 'शाळा'ला 'शाया', 'डोळे'ला 'डोये', 'काळा'ला 'काया' असं बरंच आहे. तो तर घरी अहिराणीत तसंच बोलतो! म्हणजे शब्द त्याने बरोबर ओळखलाय, फक्त आपल्या तोंडाने म्हटलाय. मी लाल शाईने खुणा करत होते.

अहिराणी_गोडी | ५ जुलै, रात्री ९:३२

ताई, त्या खुणा पुसून टाका. माझ्या आजीने ८३ वर्षांत एकदाही 'ळ' म्हटला नाही आणि तिचं काही अडलं नाही. ती बसमध्ये बसायची तीसुद्धा जयगावच्याच.

रावेरकेळी | ५ जुलै, रात्री ९:५०

आम्ही पिकवतो केयी आणि पावतीवर लिहितो केळी. 😄

विशेष_शिक्षिका_धुळे | ५ जुलै, रात्री १०:१५

हसू आलं, पण मुद्दा अगदी खरा आहे. बोलीचा उच्चार ही चूक नाही. चुका मोजताना ते शब्द बरोबर धरा. 'शाळा'ला 'शाल' म्हणाला तर ती चूक.

निवृत्त_गुरुजी | ६ जुलै, सकाळी ६:०५

मग परीक्षेत 'शाया' लिहिलं तर गुण द्यायचे का? प्रमाण लेखन शिकवायचंच नाही का?

अहिराणी_गोडी | ६ जुलै, सकाळी ७:४०

लिहिताना 'शाळा'च लिहायचं, गुरुजी. तोंडातली भाषा मात्र त्याच्या आईची आहे, तिला चूक म्हणू नये एवढंच.

रावेरकेळी | ६ जुलै, रात्री ११:२०

हे मी फोनमध्ये बोलून लिहितोय, चुका सांभाळून घ्या. बायकोने एकदा वाचून बघितलंय.

मी तो मुलगा आहे. दहावीला दोनदा बसलो, दोनदा नापास. शाळेत मला मार लागला, त्याचं फार वाटत नाही. वाटतं ते पाठ वाचनाच्या तासाचं. सर पहिल्या बाकापासून एकेक परिच्छेद वाचायला लावायचे. मी डोकी मोजायचो. माझ्या वाट्याला अकरावा परिच्छेद येणार, की मग शेजाऱ्याकडून तो हळूच वाचून घेऊन पाठ करायचो. दहा परिच्छेदांत काय होतं ते मला कधीच कळलं नाही. आणि मध्येच कोणी गैरहजर निघालं की माझा हिशोब चुकायचा. पोटात गोळा यायचा तो आजही आठवतो.

वाचायला मी एकोणीसाव्या वर्षी शिकलो. वडील गेले, बाग माझ्याकडे आली. व्यापाऱ्याने सांगितलेला भाव खरा की खोटा, हे दुसऱ्याला विचारत बसायची लाज वाटायची. मग रोज सकाळी पेपरातलं केळीच्या भावाचं रकानं बघायला लागलो. पहिल्या दिवशी अर्धा तास लागला. दुसऱ्या दिवशी शब्द तेच, आकडे फक्त बदललेले. आवक, क्विंटल, किमान, कमाल, सरासरी. महिनाभरात 'सरासरी' बघितल्याबरोबर कळायला लागलं. मग शेजारची हवामानाची बातमी. मग खताच्या गोणीवरचं. आजही हळूच वाचतो, पण कोणी मला फसवू शकत नाही.

बाई, एकच विनंती. त्याला वर्गात अचानक वाचायला उभं करू नका.

बोरीकाठ | ६ जुलै, रात्री ११:४५

दादा, नाही करणार. उद्यापासून माझ्या तासाला रांगेने वाचनच बंद.

विशेष_शिक्षिका_धुळे | ७ जुलै, दुपारी ३:००

रावेरकेळी दादांनी स्वतःचं स्वतः जे शोधलं, त्याला आम्ही पुनर्वाचन म्हणतो. सॅम्युअल्स नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९७९ साली ते मांडलं. छोटा मजकूर सहज वाचता येईपर्यंत पुन्हा पुन्हा वाचायचा, मग पुढचा घ्यायचा. भावाच्या रकान्यात शब्द रोज तेच येतात, म्हणून ते काम झालं. आणि गुरुजी, तुमचं सरावाचं म्हणणं मी खोडत नाही. सरावाशिवाय काहीच होत नाही. पाहून लिहिणं हा वाचनाचा सराव होत नाही, इतकंच माझं म्हणणं. सराव मोठ्याने वाचण्याचा हवा, आणि चूक झाल्याबरोबर शेजारच्याने शांतपणे बरोबर शब्द सांगायला हवा.

आता देवनागरीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण बाहेरची पुस्तकं इंग्रजीवर बेतलेली असतात आणि आपल्या मुलांचे खड्डे वेगळे आहेत. आपल्याकडे अक्षर आणि आवाज बरेचसे जुळतात, तरी क्रम फसवतो. ऱ्हस्व इकार लिहायचा आधी, म्हणायचा नंतर. 'स्थिती'त तो वेलांटीचा दांडा स आणि थ दोघांच्या डावीकडे उभा असतो आणि आवाज येतो दोघांच्या मागून. रफार बरोबर उलटा: 'वर्ष'मध्ये तो ष च्या डोक्यावर बसतो पण म्हणायचा ष च्या आधी. त्यात र ची रूपं किती: कर्म, क्रम, ट्रक, सुऱ्या. वर घ-ध, भ-म, थ-य सारखे दिसणारे जोड. भुसावळच्या दादांच्या मुलीचं 'विर्द्याथी' म्हणजे रफार एक घर आधी सरकला, बाकी सगळी अक्षरं जागेवर आहेत. तिला दहा वेळा लिहिण्यापेक्षा रफार कोणत्या आवाजाआधी येतो हे एकदा हाताने करून बघायला हवं होतं. अक्षरांच्या चिठ्ठ्या करून 'र्' सरकवायचा, इतकं साधं.

म्हणून एका आठवड्याला एकच गट घ्या. हा आठवडा रफाराचा, पुढचा त्र-क्र-प्र चा. सगळी बाराखडी पुन्हा पहिलीसारखी नको, चौदा वर्षांच्या मुलाचा त्यात अपमान होतो.

मोठ्या शब्दांचे तुकडे पाडायला शिकवा. अ-विश्वस-नीय. स्वातंत्र्य-उत्तर. दुष्-परिणाम. नववीच्या पुस्तकात संस्कृत वळणाचे लांब शब्द भरलेले असतात. तुकडे ओळखीचे झाले की एका तुकड्यातून वीस शब्द उघडतात आणि अर्थही हाताला लागतो.

रोज वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. पाच मिनिटं त्या आठवड्याचं अक्षर, पाच मिनिटं लांब शब्द, दहा मिनिटं शंभरेक शब्दांचा एकच उतारा: आधी तुम्ही, मग दोघं मिळून, मग तो एकटा. तोच उतारा तीन-चार दिवस. उरलेल्या वेळात त्यावर गप्पा.

खान्देशी_पुण्यात | ७ जुलै, संध्याकाळी ७:३०

लांब शब्दांसाठी एस.टी.च्या पाट्या घ्या ना! मुक्-ताई-नगर. चाळीस-गाव. शिंद-खेडा. अक्कल-कुवा. मी लहानपणी स्टँडवर बसून हेच करायचो. पुण्याला येऊन पंधरा वर्षं झाली, तरी गर्दीत 'जळगाव' पाटी दिसली की पाय आपोआप तिकडे वळतात.

तापीकाठ | ७ जुलै, रात्री ८:००

आणि स्टँडवरच्या शेवभाजीच्या पाटीकडे नाही का वळत?

खान्देशी_पुण्यात | ७ जुलै, रात्री ८:०४

ती न वाचताच वासावरून कळते 😄

सातपुडा | ८ जुलै, रात्री ९:००

मजकुराबद्दल सांगतो. मोफत गोष्टी हव्या असतील तर प्रथम बुक्स या प्रकाशनाच्या स्टोरीवीव्हर संकेतस्थळावर मराठीत पातळीनुसार लावलेल्या आहेत. पण सोप्या पातळीच्या गोष्टी लहान मुलांच्या असतात, नववीचा मुलगा त्या मित्रांसमोर हातात धरणार नाही. मी एक युक्ती करतो. त्याला सांगतो, पहिलीच्या मुलांना शनिवारी गोष्ट वाचून दाखवायची जबाबदारी तुझी. मग तो तीच गोष्ट आठवडाभर मन लावून वाचतो, कारण शनिवारी दादा म्हणून उभं राहायचं असतं.

बोरीकाठ | १२ जुलै, रात्री १०:००

तिन्ही गोष्टी करून बघितल्या. चौथीच्या उताऱ्यातले मिनिटाला ३१ शब्द बरोबर, बोलीचे उच्चार बरोबर धरून. ऐकलेल्या उताऱ्यावरच्या पाचपैकी पाच प्रश्नांची उत्तरं आली, त्यातलं एक माझ्यापेक्षा चांगलं. बिनअर्थाच्या बारा शब्दांपैकी तीन. 'झुबारी'ला 'जुवारी' म्हणाला आणि मला म्हणाला, "बाई, ज्वारी चुकीची लिव्हेल शे."

वेळेचा प्रश्न होता. परिपाठातून बाहेर काढलं तर सगळ्यांना कळेल आणि मधली सुट्टी त्याची खेळायची. मग लक्षात आलं की त्याच्या गावची एस.टी. सव्वादहाला येते आणि शाळा पावणेअकराला भरते. ती अर्ध्या तासाची जागा रिकामीच होती. वडिलांकडून ठिबकच्या संचाचं मराठी माहितीपत्रक मागवलंय, पहिला उतारा तोच.

पण विज्ञान, इतिहासाचं काय? वाचन सुधारेपर्यंत ते विषय थांबणार नाहीत.

भुसावळ_जंक्शन | १२ जुलै, रात्री १०:४०

ते कानाने शिकू द्या. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. मुलीची आई रविवारी आठवड्याचे धडे फोनमध्ये वाचून ठेवते, मुलगी पुस्तकावर बोट ठेवून ऐकते. बोट हवंच, नाहीतर नुसतं ऐकणं होतं.

निवृत्त_गुरुजी | १३ जुलै, सकाळी ६:२०

सगळं कानाने मिळालं तर मूल वाचायचा त्रास का घेईल? सवलतींचंही तेच. कुबडी एकदा हातात आली की सुटत नाही.

भुसावळ_जंक्शन | १३ जुलै, सकाळी ९:१५

ही भीती मलाही होती, गुरुजी. उलटं झालं. इतिहास कळायला लागल्यावर तिला त्यातले शब्द ओळखीचे झाले, आणि ओळखीचा शब्द वाचायला सोपा जातो. औरंगजेब हा शब्द ती आधी कानाने शिकली, मग डोळ्यांनी.

सवलतींबद्दल ताईंसाठी लिहितो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता (समज चांगली असूनही वाचन-लेखन अडणं) आहे, त्यामुळे हा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नाही. २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रमाणपत्र आठव्या वर्षानंतर मिळायचं, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी तपासणी पुन्हा व्हायची. परीक्षेत तासाला वीस मिनिटं जास्त, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिकही मिळतो. आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांचा अर्ज शाळेमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे जातो. आत्ताच सुरुवात करा. आम्हाला एका सरकारी रुग्णालयात तीन खेपा पडल्या, दर वेळी एकच माणूस रजेवर. शाळेच्या वह्या, जुने निकाल, शिक्षकांचं पत्र सगळं एका फाईलीत न्या. तुमच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या.

आणि लेखनिक घेणार असाल तर सराव आधीपासून हवा. उत्तर डोक्यात जुळवून सलग सांगणं हे वेगळं शिकावं लागतं.

विशेष_शिक्षिका_धुळे | १३ जुलै, दुपारी १:१०

सहमत. वाचनाची शिकवणी आणि कानाने अभ्यास, दोन्ही एकाच वेळी. एक थांबवून दुसरं नाही.

निवृत्त_गुरुजी | १५ जुलै, सकाळी ६:००

दोन दिवस विचार केला. कुबडीबद्दल माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही. पण भुसावळच्या भाऊंचं एक वाक्य डोक्यातून जात नाही, जी वाचत नव्हती ती शाळेत राहिलीच नाहीत. मला दोन नावं लगेच आठवली. दोघंही चौथीत शाळा सोडून गेले ते परत आले नाहीत, आणि मी त्यांच्या घरी गेलो नव्हतो.

धुळ्याच्या बाईंना विनंती, ते रफाराच्या चिठ्ठ्यांचं कसं करायचं ते नीट लिहा. आमच्या गावच्या शाळेत मी मंगळवारी आणि शुक्रवारी जाऊ शकतो. एका मुलाशेजारी बसायला मला काही अडचण नाही.

विशेष_शिक्षिका_धुळे | १५ जुलै, रात्री ९:३०

गुरुजी, उद्या चिठ्ठ्यांचे फोटोच टाकते. जाड पुठ्ठा घ्या, पातळ कागद मुलं चुरगळतात.

बोरीकाठ | २४ नोव्हेंबर, रात्री ९:२०

धागा वर काढतेय. दिवाळीची सुट्टी धरून साडेचार महिने झाले. रोज जमलं नाही. पावसात एस.टी. आली नाही ते दिवस गेले, सहामाही परीक्षेत दोन आठवडे गेले. तरी चौथीच्याच पातळीचा, पण नवा उतारा दिला तर मिनिटाला ५८ शब्द. बिनअर्थाचे नवे बारा शब्द दिले, त्यात आठ. रफार बसला. ऋकार आणि 'द्य-ध्य' अजून गळतात. नववीचं पुस्तक स्वतःचं स्वतः वाचेल अशी स्थिती अजून आलेली नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. विज्ञान तो ऐकूनच करतो आणि तोंडी परीक्षेत पहिल्या पाचांत आहे. प्रमाणपत्राची एक खेप झाली, दुसरी डिसेंबरमध्ये.

ऑगस्टपासून आठवीच्या दोन मुली त्याच अर्ध्या तासात येऊन बसायला लागल्या. कोणी बोलावलं नव्हतं. एकीला हीच अडचण दिसते, दुसरीला फक्त सोबत हवी आहे. तो त्यांना शब्दाचे तुकडे पाडून देतो.

आता ठिबकचं पत्रक आणि एस.टी.च्या पाट्या संपल्या. त्याला बाजारभावाचं रकानं हवंय, पण आमच्याकडच्या पेपरात कापूस-मक्याचं येतं आणि त्याचं म्हणणं, केळीचं बघायचं. त्याचे मामा यावलला बाग लावताहेत. रावेरकेळी दादा, जुने पेपर आहेत का?

रावेरकेळी | २४ नोव्हेंबर, रात्री ९:५५

बाई, एका महिन्याचा गठ्ठा बांधतोय. उद्या सकाळच्या गाडीत कंडक्टरच्या ओळखीने देतो, अमळनेर स्टँडवर कोणाला तरी उभं करा. गठ्ठ्यावर वर नाव मुलाचंच घालतो, मोठ्या अक्षरात.